परळच्या वॉर्डातली सर्पगंधा

प्रशांत महासागरातल्या बेटांवरच्या, जिवाला शांतवणाऱ्या कावा नावाच्या मुळीची मात्रा किती आणि पथ्यं कोणती, हे या सदरात या आठवड्यात सांगायचं कबूल केलं होतं. ते आता पुढच्या मंगळवारी. मध्ये लालबागहून एक पत्र आलं आणि ते बाजूला ठेवून पुढे जाणं मला जमेना. पत्र लिहिणाऱ्या बाईंची सून सिडनीहून येताना कावाच्या गोळ्यांची बाटली घेऊन आली आहे. बाईंना रात्र रात्र झोप नसते, मधूनच छातीत धडधडतं. त्या विचारतात, "झाडाचीच मुळी ना? मग घ्यायला काय हरकत? आणि आपल्या इतक्या वनस्पतींत जिवाला शांतवणारी अशी एखादी मुळी नाही का, की ती फिजीहून मागवावी?"

आहे. आणि तिची जगाला नीट ओळख करून दिली ती बाईंच्या घरापासून चालत जाता येईल अशा ठिकाणाहून, परळच्या के.ई.एम. रुग्णालयातून. त्या मुळीची हकिकत कळली की पहिल्या प्रश्नाचं उत्तरही मिळतं. म्हणून आजचा सगळा लेख सर्पगंधेचा.

झुडूप लहानसंच. सावलीत, ओलसर जागी वाढणारं, पांढऱ्या-गुलाबी फुलांचं, पिकल्यावर काळ्या होणाऱ्या फळांचं. औषधी काय ते मूळ, आणि ते चवीला जहर कडू. उन्माद, निद्रानाश यांवर वैद्य ती पिढ्यान् पिढ्या देत आले. बिहारकडे तर ती वेडावरचं औषध म्हणूनच विकली जाई. १९३१ साली कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्यावर लेख लिहिला आणि उन्मादाबरोबर वाढलेल्या रक्तदाबावरही ती चालते असं मांडलं. त्याच सुमाराला दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दिकी तिच्यातली अल्कलॉइडं वेगळी करत होते. एकाला त्यांनी हकीम अजमल खानांच्या नावावरून अजमलिन म्हटलं. पण हे सगळं भारतातल्या भारतातच राहिलं.

त्या काळी रक्तदाबाच्या रोग्यासाठी डॉक्टरांच्या हातात फारसं काही नव्हतं. मीठ तोडायचं, नुसता भात आणि फळं खायला घालायची, ब्रोमाइड किंवा फिनोबार्बिटोन देऊन गुंगीत ठेवायचं. फारच झालं तर पाठीतल्या मज्जातंतूंची शस्त्रक्रिया. लंडनहून शिकून आलेले डॉ. रुस्तुम जाल वकील तेव्हा के.ई.एम.मध्ये हृदयरोग्यांना पाहत होते. जन्म मुंबईचाच, १९११चा. त्यांनी सर्पगंधेच्या मुळीच्या गोळ्या रक्तदाबाच्या ५० रोग्यांना दिल्या, दाब मोजत राहिले, आकडे लिहीत राहिले. ऑक्टोबर १९४९च्या 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये तो निबंध छापून आला.

हा निबंध मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं वाचायला लावत आलो आहे, तो त्यातल्या शिस्तीसाठी. मुळीने माणूस थंडावतो हे तर खेड्यातल्या वैदूलाही माहीत होतं. वकिलांनी सांगितलं ते वेगळं: कुणाला दिली, किती दिली, किती आठवड्यांनी दाब पाऱ्याच्या किती मिलिमीटरने उतरला. परळच्या वॉर्डातलं निरीक्षण बॉस्टनच्या डॉक्टरला पडताळून पाहता येईल अशा भाषेत त्यांनी ते मांडलं, आणि बॉस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी ते खरोखरच पडताळलं. १९५२मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतलं मुख्य द्रव्य वेगळं केलं. तेच रेसर्पिन. दोन वर्षांनी न्यूयॉर्कजवळच्या मनोरुग्णालयातून नेथन क्लाइन यांनी ते मनोविकारांवर वापरल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. वैद्यकीय संशोधनासाठीचा १९५७चा लास्कर पुरस्कार ज्यांना मिळाला त्यांत क्लाइन होते आणि आपले वकीलही होते. तो मिळवणारे ते पहिले भारतीय. के.ई.एम.समोरून रोज हजारो माणसं जातात, त्यांतल्या किती जणांना हे ठाऊक असेल? शाळेच्या पुस्तकात हा धडा हवा, असं माझं ठाम मत आहे.

आता या मुळीची दुसरी बाजू.

आपल्या मज्जातंतूंच्या टोकांशी सेरोटोनिन, नॉरअॅड्रेनॅलिन, डोपामिन ही द्रव्यं बारीक पिशव्यांत साठवलेली असतात. रेसर्पिन त्या पिशव्या भरू देत नाही. गिरगावातल्या जुन्या चाळीत गच्चीवरची टाकीच भरली नाही तर नळ कितीही सोडा, पाणी येत नाही, तसंच हे. साठा आटतो, रक्तवाहिन्या सैलावतात, दाब उतरतो, मनाची तगमग शमते. पण हा साठा शरीरभर लागतो. म्हणून नाक चोंदतं, नाडी मंदावते, जुलाब होतात, पोटातलं आम्ल वाढतं, कुणाकुणाला कंपवातासारखी थरथर सुटते. आणि काही रोगी शांत होण्याऐवजी खोल उदासीत गेले, काहींच्या मनात आत्महत्येचे विचार येऊ लागले. गोळी थांबवली तरी परिणाम लगेच जात नाही, साठा पुन्हा भरायला दिवस जातात. या अनुभवांनंतर मात्रा खाली आणली गेली: दिवसाला ०.१ ते ०.२५ मिलिग्रॅम रेसर्पिन. एका ग्रॅमचे हजार भाग करा, त्यातल्या एका भागाचा जेमतेम पाव.

मुळीची पूड चमच्याने घेणाऱ्याला हा हिशेब कसा लागणार? जमीन, हंगाम, झाडाचं वय यांप्रमाणे मुळीतलं द्रव्य कमी-जास्त होतं. त्यात तिच्याच कुळातल्या दुसऱ्या झुडपाची मुळं तिच्या नावाने खपवली जातात. काष्ठौषधीच्या दुकानात पुडी हाती आली तरी आत काय आहे हे पाहून सांगणं जाणत्यालाही अवघड. तेव्हा लालबागच्या बाईंना विनंती, कावा मागे ठेवून सर्पगंधा आणायला निघू नका.

कावाची गोष्ट याच वळणाने गेली. तो आपल्या विड्याच्या पानाचा, मिरीचा आणि पिंपळीचा सख्खा भाऊबंद. प्रशांत महासागरातल्या बेटांवर सोललेली मुळी कुटून पाण्यात कालवून पितात. युरोपात तिचा अल्कोहोल आणि अॅसिटोनमध्ये काढलेला अर्क कॅप्सूलमध्ये भरला गेला. यकृत बिघडल्याच्या तक्रारी आल्या आणि २००२मध्ये जर्मनीने परवाने काढून घेतले. २०१४मध्ये तिथल्याच न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. दोष अर्काचा, मुळीबरोबर आलेल्या खोडाच्या सालींचा, हलक्या वाणाचा, की सोबत घेतलेल्या दारूचा आणि गोळ्यांचा, यावर आजही एकमत नाही. वानुआतूने मात्र २००२मध्येच कायदा करून निर्यातीसाठी उत्तम वाणाची अट घातली. आपल्याकडेही २०२१मध्ये आयुष मंत्रालयाने औषध कंपन्यांना अश्वगंधेची पानं वापरू नका, फक्त मूळ वापरा, असं कळवलं. झाड तेच, पण मूळ आणि पान ही दोन वेगळी औषधं आहेत.

आणि गुळवेल. के.ई.एम.च्या औषधशास्त्र विभागात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पित्तमार्ग अडून कावीळ झालेल्या रोग्यांना शस्त्रक्रियेआधी गुळवेल दिली होती. संसर्ग आवरायला तिची मदत होते, असं त्यांनी १९९३मध्ये मांडलं. त्याच मुंबईत, पेडर रोडच्या जसलोकमधल्या यकृततज्ज्ञांनी २०२०च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये गुळवेल घेणारे सहा रोगी यकृताला सूज आलेले पाहिले. सुप्त असलेला स्वयंप्रतिकाराचा विकार तिने चाळवला असावा, असा त्यांचा कयास. मंत्रालयाने तो मानला नाही. तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीकडे बोट दाखवलं. मला यात दोन्हीकडची माणसं प्रामाणिक वाटतात. एकीकडे रुग्णालयात, मोजून, डॉक्टरांच्या नजरेखाली दिलेली गुळवेल होती. दुसरीकडे करोनाच्या धास्तीने घरोघरी उकळलेला काढा होता. त्यात कुठली वेल, किती, किती दिवस, याची नोंद कुणाकडे असणार?

बाईंना आजच्यापुरतं एवढंच. धडधड आणि जागरण यांमागे थायरॉइड असू शकतं, रक्त कमी असू शकतं, दाब असू शकतो. आधी ते तपासा. तोवर बाटलीचं झाकण उघडू नका. झोपेची, नैराश्याची किंवा दाबाची गोळी चालू असेल, यकृताचा आजार होऊन गेला असेल, तर कावा तुमच्यासाठी नाही. ज्या देशातून बाटली आली तिथे औषधी गोळ्यांसाठी दिवसाला २५० मिलिग्रॅम कावालॅक्टोनची कमाल मर्यादा आहे. लेबलवर कावालॅक्टोन किती हा आकडाच नसेल तर ती गोळी कुणीच घेऊ नये. घरात दुसऱ्या कुणी ती घेतली असेल आणि अन्नावरची वासना उडाली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, अंगाला खाज सुटली, तर त्याच दिवशी गोळी बंद करून डॉक्टरकडे जा.

जाताना बाटली, पुडी, काढ्याचं पाकीट, जे असेल ते बरोबर न्या, फेकून देऊ नका. वनौषधी घेत असाल तर डॉक्टरने विचारलं नाही तरी सांगा. त्रास झाला तर त्याची नोंद राष्ट्रीय औषध निगराणी कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर रोग्याला स्वतःलाही करता येते, आणि ती वनौषधींसाठीही घेतली जाते.