भिंगारकर नगरचे की भिंगारचे?

भिंगार नगर शहराला लागूनच आहे. मध्ये भुईकोट किल्ला आणि लष्करी हद्द. तरीही भिंगार महापालिकेत नाही. तिथला कारभार छावणी परिषद, म्हणजे कॅन्टोन्मेंट बोर्ड पाहते. पिनकोडही वेगळा: शहराचा 414001, भिंगारचा 414002.

वयाने भिंगार थोरले. 1490 मध्ये मलिक अहमदने भिंगारजवळ बहामनी फौजेचा पराभव केला आणि त्याच परिसरात पुढे अहमदनगर वसवले.

महापालिकेच्या बाबतीत सावेडी आणि केडगावचे भिंगारसारखे नाही. ही मुळातली स्वतंत्र गावे आज महापालिका हद्दीत आहेत. तिथला रहिवासी कागदोपत्रीही नगरकरच.

बोलण्यातले उत्तर मात्र ऐकणाऱ्यावर ठरते. कापडबाजारात खरेदीला निघालेला भिंगारकर ‘नगरला चाललोय’ म्हणतो. पुण्यात तोच ‘आम्ही नगरचे’ म्हणून मोकळा होतो. संगमनेर किंवा श्रीरामपूरचा माणूसही परमुलखात तेच सांगतो, कारण ‘नगर’ हे शहराचे तसे जिल्ह्याचेही नाव.

2024 मध्ये अधिकृत नाव अहिल्यानगर झाले. बोलीतले ‘नगर’ त्यातही शाबूत आहे.

थोडक्यात, ओळख सांगताना ‘नगर’ चुकीचे नाही. पत्ता, कर आणि मतदानासाठी मात्र नेमके गाव व हद्दच लागते.