स्टार डॉट पीडीएफ

१ मे १९८१ रोजी जालना जिल्हा वेगळा झाला आणि जाफराबाद तालुक्यातलं टेंभुर्णी औरंगाबादकडून जालन्याकडे आलं. त्याच वर्षी १२ ऑगस्टला आयबीएमने आपला पीसी जाहीर केला. जिल्ह्याचं आणि त्या यंत्राचं वय एकच, म्हणून फायलींची यादी करण्याच्या युक्तीचा मागोवा तिथूनच घेतो.

त्या पीसीच्या डॉस या कार्यप्रणालीत फोल्डर नव्हताच. तो १९८३ मध्ये दुसऱ्या आवृत्तीसोबत आला. ठरावीक प्रकारच्याच फायली दाखवायची सोय मात्र पहिल्यापासून होती: 'डीआयआर' आणि पुढे 'स्टार डॉट' अमुक. ही युक्ती त्याहून जुनी. १९७१ च्या युनिक्समध्ये 'ग्लॉब' नावाचा छोटा प्रोग्राम ताऱ्याच्या जागी बसणारी नावं शोधून द्यायचा. नावाला आठ अक्षरं आणि प्रकाराला तीन हा साचा डॉसने सीपीएम या आधीच्या कार्यप्रणालीकडून उचलला, आणि त्या तीन अक्षरांनी पुढे अनेकांना छळलं.

आपल्या भागात लग्नपत्रिकेची सीडीआर फाइल आणि पत्रकाची पीएमडी फाइल डीटीपीच्या दुकानांतून ओळखीची झाली. २००१ पासून एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने मुलांना फोल्डर शिकवले. पुढे प्रोग्रामिंगकडे वळणारे फायलींच्या यादीसाठी व्हिज्युअल बेसिकमध्ये 'डिर' लिहायचे. पहिल्या हाकेला पहिलं नाव मिळायचं, मग रिकामा कंस देऊन पुढचं मागत राहायचं. उत्तर कोरं आलं की यादी संपली. डॉट नेटच्या 'गेटफाइल्स'ने ते काम एका ओळीवर आणलं.

त्या ओळीत एक खड्डा होता. २००७ च्या ऑफिसने एक्सएलएसएक्स आणल्यावर, 'स्टार डॉट एक्सएलएस' मागितलं तरी नव्या फायलीही यादीत घुसायच्या. विंडोज लांब नावासोबत आठ-तीनचं जुनं नावही जपून ठेवतं आणि शोध दोन्हींवर चालतो, हे त्याचं कारण. १९७० च्या दशकातला साचा असा कित्येक वर्षांनी हिशेबात आडवा येतो.

पायथन भाषेने २०१४ मध्ये 'पाथलिब' हे मॉड्यूल दिलं. आतल्या फोल्डरांसकट सगळं एका ओळीत. तरी भान लागतंच. लिनक्सवर मोठ्या लिपीतलं जेपीजी आणि छोट्या लिपीतलं जेपीजी वेगळं, त्यामुळे कॅमेऱ्यातून आलेले फोटो यादीतून गळतात. नावं अक्षरांप्रमाणे लावली तर गट १० हा गट २ च्या आधी येतो. टेंभुर्णीच्या शेतकऱ्याचे सातबारा उतारे गटाप्रमाणे लावायचे असतील तर आकडा वेगळा काढूनच क्रम लावावा लागतो.

२०१८ मध्ये डिजिटल सहीचा सातबारा आला आणि त्याच्या पीडीएफ फायली घरोघरी साठू लागल्या. माझा खरा आग्रह इथे आहे. ऑनलाइन अर्जाला पीडीएफ हवी म्हणून कुणी फोटोचं नुसतं नाव बदलतं. आपली यादी ती पीडीएफ म्हणून मोजते, अर्ज मात्र अडकतो. प्रकार नावावरून ठरवणं हा सोयीचा अंदाज आहे, तपास नाही. युनिक्सची 'फाइल' आज्ञा १९७३ पासून फाइलच्या आत डोकावून प्रकार ओळखते. पीडीएफची सुरुवात टक्क्याचं चिन्ह आणि पीडीएफ या अक्षरांनी होते, एवढं वाचायला दोन-तीन ओळींचा कोड पुरतो. यादी करताना आतल्या प्रकाराशी न जुळणारी नावं वेगळी छापावीत; म्हणजे अर्जाची मुदत संपण्याआधी अर्जदाराला बोलावून कागद पुन्हा स्कॅन करता येतो.