वॉचमन काका म्हणाले की मी कुलूप तोडलं!

दोस्तांनो, वरचं वाक्य पुन्हा एकदा वाचा आणि सांगा, कुलूप कोणी तोडलं?

तुमच्यातले बरेच जण म्हणतील, वॉचमन काकांनी. आता हेच वाक्य शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत करूया. "द वॉचमन सेड दॅट आय ब्रोक द लॉक." आता कुलूप कोणी तोडलं? मी! मराठीत या वाक्यातून दोन्ही अर्थ निघू शकतात, पण इंग्रजीत एकच निघतो, आणि तो नेमका नको असलेला.

ही काही मी बसून तयार केलेली गंमत नाही. गेल्या सेमिस्टरला आमच्या हॉस्टेलमध्ये हे खरंच घडलं. माझी रूममेट मुरबाड तालुक्यातल्या एका खेड्यातली, दहावीपर्यंत मराठी माध्यमातली. मी पहिल्यापासून कॉन्व्हेंटवाली. सबमिशनच्या आदल्या रात्री अभ्यासिकेची किल्ली सापडेना आणि हिचे जर्नल्स आत. शेवटी वॉचमन काकांनीच कुलूप तोडून दिलं. दुसऱ्या दिवशी तिला लेखी खुलासा मागितला गेला, अर्थातच इंग्रजीत. तिने लिहिला आणि मला दाखवला. "द वॉचमन टोल्ड दॅट आय हॅव ब्रोकन द लॉक." मी मोठ्या रुबाबात "टोल्ड" खोडून "सेड" केलं, आणखी दोन ठिकाणी "द" घातला आणि "आता एकदम परफेक्ट" म्हणून कागद परत दिला.

निकाल असा लागला की तिला दंड झाला आणि घरी पत्र गेलं. तिचे बाबा कामाचा एक दिवस मोडून मुरबाडहून शहापूरला आले. वॉचमन काकांनी स्वतः येऊन सांगितलं तेव्हा प्रकरण मिटलं आणि दंडही रद्द झाला. पण त्या रात्री तिने मला विचारलं, "तुझं इंग्रजी एवढं चांगलं, मग तुला कसं गं दिसलं नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी आर्टिकल तपासत बसले होते आणि अर्थ तसाच निसटून गेला होता.

मग आम्ही दोघी हॉस्टेलमधले अर्ज, जर्नल्स, व्हॉट्सॲपवरचे मेसेज असं सगळं चाळत बसलो. लक्षात आलं ते असं, की आपण इंग्रजीत ज्या चुका करतो त्या वाटेल तशा होत नाहीत. त्यांनाही नियम आहेत, आणि ते नियम मराठीचे आहेत.

आधी कुलपाचंच घेऊ. मराठीत दुसऱ्याचं बोलणं सांगताना आपण ते जसंच्या तसं ठेवतो. "तो म्हणाला की मी येत नाही", म्हणजे येणार नाही तो तोच. इंग्रजीत मात्र "दॅट" आलं की सगळं सांगणाऱ्याच्या जागेवरून बघायचं. बोलणाऱ्याचा "आय" बदलून "ही" होतो आणि काळही बहुतेक वेळा एक पाऊल मागे जातो. म्हणून "ही सेड दॅट ही वॉज नॉट कमिंग". शाळेत डायरेक्टचं इनडायरेक्ट करायचे प्रश्न आम्ही दोघींनी सोडवलेत, मार्कसुद्धा मिळवलेत. पण तो नियम एक दिवस आपल्याच अर्जात भेटेल असं कोणी सांगितलं नव्हतं.

दुसरा नमुना तापाचा. सिक लीव्हच्या अर्जात हमखास असतं, "आय ॲम हॅविंग फीव्हर". मराठीत "मला दिसतंय", "मला आठवतंय", "मला कळतंय" अशी चालू रूपं आपण सहज वापरतो. शिवाय "मला ताप आहे" मधला "आहे" डोक्यात असतोच. म्हणून "ॲम" येतो आणि मागोमाग "आयएनजी". इंग्रजीत मात्र असणं, माहीत असणं, समजणं या स्थिती आहेत, क्रिया नव्हेत. त्यांना सहसा "आयएनजी" लागत नाही. "आय हॅव अ फीव्हर", विषय संपला. पण "आय ॲम हॅविंग लंच" बरोबर, कारण जेवणं ही क्रिया आहे!

तिसरा नमुना आपल्या लाडक्या "च" चा. "मी मुरबाडचीच" याचं होतं "आय ॲम फ्रॉम मुरबाड ओन्ली". "च" शब्दाच्या शेपटीला लागतो, म्हणून "ओन्ली" पण शेवटी जाऊन बसतं. पण "ओन्ली" म्हणजे "फक्त". "च" मधला ठसका त्यात नाही. इंग्रजीत ते काम बहुतेक वेळा आवाजाचा जोर करतो, आणि कागदावर आवाज उमटत नाही.

चौथा, शब्दयोगी अव्ययांचा. आपण माणसावर रागावतो म्हणून "अँग्री ऑन मी". विषयाबद्दल चर्चा करतो म्हणून "डिस्कस अबाउट". इंग्रजीत रागाला "विथ" लागतं आणि "डिस्कस" ला काहीच नाही. यामागे कारण शोधू नका, पाठ करा. "माझ्यावर रागावली" मधला "वर" तरी कुठल्या लॉजिकने आलाय?

आणि ज्याची सगळ्यांना धास्ती, ते "अ" आणि "द". मराठीत आर्टिकल नाहीत हे खरं, पण त्यांचं काम करणारे शब्द आहेत. आजीची गोष्ट आठवा. "एक राजा होता. त्या राजाला दोन राण्या होत्या." पहिल्यांदा "एक", ओळख झाल्यावर "त्या". अगदी तसंच इंग्रजीत आधी "अ किंग", मग "द किंग". इंग्रजीतला "अ" जुन्या काळच्या "एक" या अर्थाच्या शब्दातूनच आलाय आणि "द" हा "दॅट" चा भाऊ. फरक इतकाच की आपल्याकडे हे शब्द लागतील तेव्हा येतात, तिकडे जवळजवळ सक्तीचे झालेत. हे स्पष्टीकरण माझं नाही बरं का, रूममेटचं! कर्तरी, कर्मणी, भावे प्रयोग तिला तोंडपाठ आहेत. मला कॉन्व्हेंटमध्ये मराठीचा पेपर कसाबसा सुटायचा. व्याकरणात ती माझ्यापेक्षा पक्की निघाली.

आता एक गंमत. इंग्रजी स्वतः तरी सगळीकडे सारखं वागतं का? शहापूरजवळच्या हायवेवरून जाताना पाट्या बघा. "ॲक्सिडेंट प्रोन झोन". ना आर्टिकल, ना क्रियापद, तरी बरोबर. पेपरच्या हेडलाइनमध्ये कालची घटना वर्तमानकाळात, तेही बरोबर. आपल्या जर्नलमध्ये "रीडिंग्ज वेअर टेकन". घेतली कोणी ते गुलदस्त्यात, कारण तिथे माणूस महत्त्वाचा नाही, प्रयोग महत्त्वाचा. म्हणजे पाटीचं व्याकरण वेगळं, जर्नलचं वेगळं, खुलाशाचं वेगळं. जर्नलमध्ये "कोणी" लपवलं तर चालतं. खुलाशात "कोणी" हाच तर सगळा मुद्दा असतो!

म्हणून आम्ही दोघींनी एक साधा नियम केलाय. इंग्रजीत काही लिहून झालं की आधी "अ" आणि "द" बघायचे नाहीत. आधी बघायचं, कोणी केलं, केव्हा केलं, आणि हे कोण म्हणतंय. एखादा "द" राहिला तर वाचणारा फार तर हसेल. पण उद्या मुरबाडच्या एमआयडीसीत नाईट शिफ्टला लॉगबुक लिहिताना "ऑपरेटर सेड दॅट आय हॅव स्विच्ड ऑफ द मेन" असं लिहिलंत, तर मेन बंद केल्याची जबाबदारी तुमच्या नावावर चढेल. शंका असेल तर सरळ लहान वाक्य लिहा. "द वॉचमन ब्रोक द लॉक. ही टोल्ड मी सो." साधं आहे, पण दंड होत नाही.

आणि माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांना एक सांगणं. मेसमध्ये कोणी "आय ॲम हॅविंग डाउट" म्हणालं की आपण एकमेकांकडे बघून हसतो. त्या वाक्यात अज्ञान नसतं, मराठीचं व्याकरण असतं. आधी ते ओळखा, मग शेजारी बसून दुरुस्त करा. आणि दुरुस्त करताना अर्थही वाचा. मी वाचला नव्हता. त्यापायी तिच्या बाबांचा एक दिवस गेला.