ग्रेट वर्लीचा मुंबईकर पाद्री

इंग्रजी खेड्यातल्या खुनाचं मला फार वर्षांपासून व्यसन आहे. चर्च, गुलाबांचे ताटवे, चहाच्या कपातून विषप्रयोग, आणि विणता विणता खुनी हुडकणारी मिस मार्पल. मुलुंड ते व्हीटी या लोकलच्या खेपांमध्ये अगाथाबाईंची निम्मी पुस्तकं संपली. त्याच नादात १९०१ सालच्या एका चोपड्याचा उल्लेख हाती लागला. रेल्वेच्या प्रवाशाला कायद्याने काय हक्क आहेत हे सांगणारं ते पुस्तक. रोज लोंबकळत जाणाऱ्याने थबकावं असाच विषय, पण मी थबकलो ते लेखकाच्या नावापाशी. जॉर्ज एदलजी. म्हणजे पारशीच!

जॉर्ज बर्मिंगहॅममध्ये वकिली करायचा आणि रोज ट्रेनने ये-जा करायचा. घर स्टॅफर्डशायरमधल्या ग्रेट वर्ली (आपली वरळी नव्हे) या गावच्या पाद्रीनिवासात. पुढची कथा रहस्यकथांच्या वाचकांना ठाऊक असते. निनावी पत्रं, रात्री पोट फाडलेली जनावरं, निरपराध वकिलाला सात वर्षांची सक्तमजुरी, मग शेरलॉक होम्सचा जनक मदतीला धावतो. कॉनन डॉयलबद्दल भरपूर लिहिलं गेलं आहे. मला छळतो तो जॉर्जचा बाप.

शापूरजी एदलजी मुंबईचे. तरुणपणीच ते ख्रिस्ती झाले. पारशी मुलांच्या धर्मांतरावरून १८३९ साली या शहरात केवढा गदारोळ झाला होता हे आठवलं, की त्या निर्णयाची किंमत कळते. त्यांचा गुजराती-इंग्रजी कोश मुंबईत छापला गेला. १८६८ साली त्याची दुसरी आवृत्ती निघाली. तोवर ते कँटरबरीच्या सेंट ऑगस्टिन कॉलेजात पोचले होते. शार्लट स्टोनहॅमशी लग्न झालं. तिचे मामा की काका ग्रेट वर्लीचे पाद्री होते. त्यांच्या खटपटीने १८७६ च्या सुमारास ती जागा शापूरजींना मिळाली. कोळसा खाणींच्या त्या गावात सावळा माणूस दर रविवारी प्रवचन देऊ लागला, आणि १९१८ साली मरेपर्यंत देत राहिला.

पत्रांचा जाच १८८८ पासूनचा. १८९२ नंतर तर कहर झाला. न मागवलेला माल दारात येऊन पडे, पाद्र्याच्या नावाने खोट्या जाहिराती छापून येत. शाळेची चोरलेली किल्ली दारात सापडली, तेव्हा जिल्ह्याचे पोलीस प्रमुख कॅप्टन ॲन्सन यांनी छळ सोसणाऱ्या घरातल्या मुलावरच बोट ठेवलं. रहस्यकथेत सर्वात आधी संशय येतो तो माणूस हमखास निर्दोष निघतो. ॲन्सनसाहेबांनी बहुधा रहस्यकथा वाचल्या नव्हत्या.

१९०३ साली फेब्रुवारीपासून घोडे, गाई, मेंढ्या मरू लागल्या. १८ ऑगस्टला सकाळी खाणीतला एक पोनी कापलेला सापडला आणि पोलीस थेट पाद्रीनिवासात शिरले. इन्स्पेक्टर कॅम्पबेल म्हणाला, जॉर्जच्या कोटावर घोड्याचे केस आहेत. शापूरजींनी कोट खिडकीच्या उजेडात धरला आणि सांगितलं, केस कुठे आहे ते दाखवा, हा तर धागा आहे. आई आणि बहीणही तेच म्हणाल्या. संध्याकाळी तोच कोट पोलिसांच्या डॉक्टरकडे गेला, तेव्हा त्यावर २९ केस निघाले. दरम्यान त्या पोनीच्या कातड्याचा तुकडाही त्याच डॉक्टरकडे पोचला होता! होम्सला या खटल्यात यायला अजून तीन वर्षं होती. पहिला तपास खिडकीपाशी उभ्या राहिलेल्या या कोशकाराने केला.

ऑक्टोबरमध्ये स्टॅफर्डला खटला चालला. शापूरजींनी साक्ष दिली की बाप-लेक एकाच खोलीत झोपतात, दाराला आतून कुलूप असतं, आणि कंबरदुखीमुळे आपली झोप सावध असते. ज्यूरीने ती मानली नाही. मुलुंडच्या चाळीत एका खोलीत सहाजण झोपलेल्या माणसाला या साक्षीत अविश्वसनीय काय आहे तेच कळणार नाही. गंमत म्हणजे पोनी कापला गेला त्या रात्री पाद्रीनिवासावर पोलिसांचा पहारा होता. जॉर्ज कोठडीत असतानाच आणखी एक घोडा कापला गेला, तरीही शिक्षा टळली नाही.

जॉर्ज आत असताना, १९०५ साली, शापूरजींनी न्यायाच्या या विपर्यासावर स्वतःच्या नावाने एक पुस्तिका काढली. लंडनमधली मोठी नावं तिच्यामुळे हलली असं दिसत नाही. १९०६ च्या ऑक्टोबरमध्ये कारण न सांगताच जॉर्जला सोडलं, आणि त्यानंतर कॉनन डॉयल आले. हॉटेलात पेपर डोळ्यांपाशी आणून वाचणारा जॉर्ज पाहताच त्यांनी ओळखलं की इतक्या अधू नजरेचा माणूस काळोखात शेतं आणि रूळ तुडवत जाणार नाही. जानेवारी १९०७ मध्ये त्यांचे लेख 'डेली टेलिग्राफ'मध्ये आले आणि खळबळ माजली. पण त्यांच्या याच लेखनात, अशा गावात सावळा पाद्री नेमण्याचा प्रयोग पुन्हा होऊ नये, असाही सूर आहे. माझ्या लेखी हा डाग धुतला जात नाही.

या खळबळीनंतर नेमलेल्या सरकारी समितीतल्या तिघांपैकी एकजण ॲन्सनचा नातलग होता. मे १९०७ मध्ये घोड्यांच्या गुन्ह्यातून माफी मिळाली. पत्रं मात्र जॉर्जनेच लिहिली असतील असं म्हणून भरपाई नाकारली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फौजदारी अपिलाचं न्यायालय स्थापण्याचा कायदा झाला. या प्रकरणाचाही त्याला हातभार लागला.

१९३४ साली ईनॉक नोल्स नावाच्या मजुराने १९०३ मधली काही पत्रं आपण लिहिल्याचं कबूल केलं. शापूरजी जाऊन तेव्हा १६ वर्षं झाली होती. जॉर्ज १९५३ साली गेला. भरपाईची रक्कम कधीच मंजूर झाली नाही, आणि घोडे कोणी कापले हेही कोर्टात कधी सिद्ध झालं नाही.