विश्लेषण : घरात लहान मुले असताना मांजर पाळायचे, तर काय पाहावे?

पावसाळा सुरू झाला की सोसायटीच्या पार्किंगमध्ये, मीटरच्या खोलीत किंवा बंद पडलेल्या स्कूटरखाली मांजराची पिल्ले दिसू लागतात. शाळेतून आलेली मुले दप्तर पाठीवर असतानाच तिथे बसकण मारतात. 'आई, एकच ठेवू या ना' हा हट्ट लिफ्टमध्ये सुरू होतो आणि अनेकदा घराचे दार उघडेपर्यंत निर्णय झालेला असतो. घरात राहणारे मांजर सहज १२ ते १५ वर्षे जगते. आज तिसरीत असलेले मूल इंजिनीअर होऊन नोकरीला लागेपर्यंत ते मांजर घरात असणार आहे. त्याचे खाणे, लस आणि शी-शू यांची जबाबदारी कागदावर मुलांची असली, तरी प्रत्यक्षात ती मोठ्यांवरच येते. म्हणून होकार देण्यापूर्वी काही गोष्टी तपासणे गरजेचे आहे.

मुलाचे वय किती असावे?

ठरावीक आकडा नाही. मात्र पाच वर्षांखालील मुलाला मांजरासोबत एकटे सोडू नये. या वयात मुले पकडतात ती मूठ आवळून आणि शेपटी दिसली की ओढतात. मांजर कुत्र्यासारखे भुंकून इशारा देत नाही. शेपटी जोरजोरात आपटणे, कान मागे चपटे करणे, पाठीची कातडी थरथरणे हे त्याचे इशारे असतात. ते मुलांना शिकवावे लागतात. उताणे पडून पोट दाखवणारे मांजर 'पोट खाजवा' असे सांगत नसते. तिथे हात घातला की चारही पाय आणि दात एकदम हातावर येतात.

घरात एक तरी जागा अशी हवी, जिथे मांजर चढून बसेल आणि मुलाचा हात पोहोचणार नाही. कपाटाचा वरचा कप्पाही चालतो. तिथे गेलेल्या मांजराला खाली ओढायचे नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून हवा. खाताना आणि झोपेत असतानाही त्याला हात लावू नये.

पिल्लू घ्यावे की मोठे मांजर?

मुलांना पिल्लूच हवे असते. पण घरात अगदी लहान मूल असेल, तर एक-दोन वर्षांचे, शांत स्वभावाचे मांजर अधिक सोयीचे ठरते. त्याचा स्वभाव कळलेला असतो. पिल्लाचा स्वभाव कसा निघेल याचा केवळ अंदाज असतो, शिवाय खेळता खेळता चावणे हा त्याचा दिवसभराचा उद्योग.

पिल्लूच घ्यायचे असेल, तर ते किमान आठ आठवडे आईजवळ राहिलेले असावे. साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात माणसाचा हात लागलेली पिल्ले पुढे माणसाळतात. या काळात माणूस न पाहिलेले पिल्लू कितीही गोंडस असले, तरी बुजरे राहण्याची शक्यता अधिक. पार्किंगमध्ये पिल्ले दिसली म्हणजे ती अनाथ आहेत असेही नाही. भाटी भक्ष्य शोधायला गेलेली असते. काही तास दुरून पाहणे आणि मगच ठरवणे योग्य. डोळ्यांत चिपडे, सतत शिंका, फुगलेले पोट किंवा अंगावर केस गेलेले गोल चट्टे दिसले, तर पिल्लू आधी पशुवैद्याकडे न्यावे. असे चट्टे गजकर्णाचे असू शकतात आणि गजकर्ण मुलांना लगेच लागते.

देशी की पर्शियन?

बाजारात पर्शियन पिल्ले 'डॉल फेस', 'पंच फेस' अशा नावांनी विकली जातात. चेहरा जितका चपटा, तितका श्वासाचा आणि डोळ्यांतून पाणी वाहण्याचा त्रास अधिक. केस रोज विंचरावे लागतात, नाही तर त्यांच्या गाठी होतात. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्या प्राण्याचे हाल वेगळेच. या जातीत मूत्रपिंडात गाठी होण्याचा आनुवंशिक आजारही आढळतो. ज्या घरात मुलांचेच केस विंचरायला सकाळी वेळ नसतो, तिथे हा मोह टाळलेला बरा. देशी मांजर काटक असते, आपले अंग आपणच चाटून साफ ठेवते आणि बहुतेक वेळा फुकट मिळते.

जाता जाता एक गंमत. काळा, केशरी आणि पांढरा असे तीन रंग असलेले मांजर जवळपास नेहमीच भाटी असते, तर केशरी मांजरांत बोके जास्त असतात. केशरी रंगाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने असे होते. तेव्हा तिरंगी पिल्लू 'बोका आहे, पिल्ले होणार नाहीत' असे सांगून कुणी गळ्यात मारत असेल, तर विश्वास ठेवू नये.

ओरखडा पडला तर?

पालकांची सर्वात मोठी भीती हीच आहे आणि सर्वाधिक चुकाही इथेच होतात. रेबीज केवळ कुत्र्यामुळे होतो, हा समज चुकीचा आहे. बाधित मांजराच्या चाव्यातून किंवा ओरखड्यातूनही तो होऊ शकतो. लक्षणे दिसू लागल्यावर हा आजार जवळपास नेहमीच जीवघेणा ठरतो. वेळेत उपचार घेतले, तर तो टाळता येतो.

जखम झाल्याबरोबर ती साबण लावून वाहत्या नळाखाली १५ मिनिटे धुवावी. घड्याळ लावून मोजावीत, कारण रडणाऱ्या मुलाला धरून दोन मिनिटेही पंधरा वाटतात. हळद, चुना, तिखट, तेल यातले काहीही लावू नये. त्यानंतर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार, रक्त न आलेला ओरखडा दुसऱ्या श्रेणीत येतो आणि त्याला लस लागते. रक्त आले, दात त्वचेत घुसला किंवा मांजराने उघडी जखम चाटली, तर ती तिसरी श्रेणी. त्यात लसीसोबत रेबीज इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. सरकारी रुग्णालयात त्वचेत दिली जाणारी लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असते. मधला डोस परीक्षा किंवा गावची जत्रा म्हणून चुकवू नये. 'मांजर घरचेच आहे, दहा दिवस बघू' हा सल्ला अर्धवट आहे. दहा दिवस मांजरावर लक्ष ठेवायचे असते, मात्र मुलाचे उपचार पहिल्याच दिवशी सुरू करून. मांजराला लस दिलेली असली, तरी पुढे काय करायचे ते डॉक्टरलाच ठरवू द्यावे.

मुलाने ओरखडा लपवू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. 'सांगितले तर मनीला सोडून देतील' या भीतीने मुले गप्प बसतात. ओरखडा सांगितल्याबद्दल ना मुलाला रागावले जाईल, ना मांजर घराबाहेर जाईल, हे आधीच स्पष्ट करावे.

मांजराचा दात बारीक आणि अणकुचीदार असल्याने जखम छोटी दिसते, पण खोल जाते. दुसऱ्या दिवशी सूज, लाली किंवा पू दिसला, तर पुन्हा दाखवावे. ओरखड्यानंतर एक ते तीन आठवड्यांत ताप आणि काखेत गाठ आली, तर डॉक्टरांना मांजराबद्दल आवर्जून सांगावे. बार्टोनेला नावाच्या जिवाणूमुळे तसे होऊ शकते. हा जिवाणू पिसवांमुळे मांजरांत पसरतो, म्हणून पिसवांवर औषध हवेच. ते पशुवैद्याकडूनच घ्यावे. कुत्र्यांसाठीच्या काही औषधांत परमेथ्रिन असते आणि ते मांजराला विषारी आहे.

मांजराच्या लसी साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होतात आणि रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास दिली जाते. पुढील डोसच्या तारखा पशुवैद्याच्या कार्डावर लिहून घ्याव्यात.

घरात कुणी गर्भवती असेल तर?

मांजर घालवून देण्याची गरज नाही. टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडतो, पण तो संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून ट्रेमधली घाण रोजच्या रोज काढावी आणि हे काम गर्भवतीने न करता घरातल्या दुसऱ्या कुणी करावे. अर्धवट शिजलेले मांस आणि न धुतलेल्या भाज्या यातूनही हाच संसर्ग होतो, ही बाब मांजराला दोष देताना विसरली जाते. मुले खेळतात तो वाळूचा खड्डाही झाकून ठेवावा.

अ‍ॅलर्जी केसांमुळे होते का?

नाही. मांजराच्या लाळेत आणि त्वचेत असलेल्या एका प्रथिनामुळे ती होते. त्यामुळे 'कमी केसांचे मांजर आणू' हा उपाय ठरत नाही. मुलाला दमा असेल, तर ओळखीच्या घरी, जिथे मांजर आहे तिथे, काही वेळा नेऊन पाहावे आणि डॉक्टरांना विचारावे. महिनाभर लळा लागल्यावर मांजर परत देणे दोघांनाही जड जाते.

स्वयंपाकघर, औषधाचा डबा आणि बाल्कनी

फिनाईलने पुसलेल्या ओल्या फरशीवर मांजर चालते आणि मग पंजे चाटते. फिनाईलसारखे घटक मांजराचे यकृत नीट पचवू शकत नाही. फरशी वाळेपर्यंत त्याला दुसऱ्या खोलीत ठेवावे किंवा साध्या साबणाच्या पाण्याने पुसावे. कपाटातल्या डांबरगोळ्याही घातक. पॅरासिटामॉल तर मुळीच देऊ नये. मुलाच्या तापाची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. 'मनीला बरे नाही' म्हणून प्रेमाने आपले औषध पाजणारी मुले असतात, त्यामुळे औषधाचा डबा उंचावर हवा. फुलदाणीतली लिलीची फुलेही नकोत.

मांजर उंचावरून पडले तरी पायांवर उतरते, पण पाय, जबडा आणि छाती फुटतेच. कबुतराच्या मागे ते कठड्यावरून झेप घेते. बाल्कनीला जाळी बसवल्याशिवाय दार उघडे ठेवू नये. मूल लहान असेल, तर ती जाळी त्याच्याही कामाची आहे.

बहुतेक प्रौढ मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात. पिण्यासाठी पाणीच ठेवावे. शाकाहारी घरांचा प्रश्न मोठा आहे. मांजराला लागणारे टॉरिन मांसातून मिळते. दूध-भातावर ठेवलेल्या मांजराचे डोळे आणि हृदय हळूहळू निकामी होऊ शकते. घरात मांस शिजवायचे नसेल, तर मांजरांसाठीचे तयार खाद्य वापरावे, आणि तेही चालणार नसेल, तर मांजर आणू नये. कच्चे चिकनही टाळावे. २०२५ च्या सुरुवातीला नागपूरला लागून असलेल्या छिंदवाड्यात पाळीव मांजरांमध्ये एच५एन१ बर्ड फ्लू आढळला होता. चिकन पूर्ण शिजवून, मीठ-मसाला आणि कांदा-लसूण न घालता द्यावे.

नियम काय सांगतात?

पुणे महापालिकेने २०२२ मध्ये कुत्र्यांप्रमाणे मांजरांचीही नोंदणी बंधनकारक केली. इतर शहरांतील रहिवाशांनी आपल्या पालिकेच्या पशुवैद्यकीय विभागात चौकशी करावी. केवळ ठराव करून सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. मात्र जिन्यात घाण होऊ न देणे ही पाळणाऱ्याची जबाबदारी आहे.

नसबंदीचे वय साधारण पाच महिन्यांच्या आसपास येते. ती लांबवली, तर भाटी त्या वयातच गाभण राहू शकते आणि सुमारे नऊ आठवड्यांत घरात चार-पाच पिल्ले होतात. मग गोणीत भरून मासळी बाजारात 'सोडून येणे' हा जुना उपाय केला जातो. घरात वाढलेल्या मांजराला तिथे ना अन्न शोधता येते, ना कुत्र्यांपासून बचाव करता येतो. उपाशी मरेल अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ नुसार गुन्हा आहे. बदली, घर बदलणे किंवा अ‍ॅलर्जी यामुळे मांजर ठेवणे खरोखरच अशक्य झाले, तर लस आणि नसबंदी पूर्ण करून त्याला नवे घर शोधून द्यावे. त्या घरी नेताना त्याची जुनी चादर आणि ट्रे सोबत द्यावा. ओळखीचा वास असला की मांजर लवकर रुळते.