घोडीवरून पडल्यावर: आधी हलवू नका, नंतर पडून राहू नका

बैलगाडा शर्यतीच्या घाटात बारी सुटते तेव्हा सगळ्यांच्या नजरा बैलांवर असतात. त्यांच्या पुढे भरधाव जाणाऱ्या घोडीकडे आणि तिच्यावरच्या पोराकडे लक्ष जातं ते काही चुकलं तरच. घोडी अडखळली तर तो पोरगा चार-पाच फुटांवरून खडीवर आपटतो आणि मागून बैल येत असतात. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने थांबवलेल्या बैलगाडा शर्यती 16 डिसेंबर 2021 च्या परवानगीने पुन्हा सुरू झाल्या आणि 18 मे 2023 च्या घटनापीठाच्या निकालाने त्यांना कायद्याचा आधार मिळाला. यात्रांचे घाट पुन्हा भरू लागले, तशी घोडी धरणारी तरुण मुलंही परतली.

पुणे जिल्ह्यातल्या शिरूरला घोडा नवा नाही. जुनी माणसं आजही गावाला घोडनदी म्हणतात. आजच्या पूना हॉर्स या लष्करी रेजिमेंटचं मूळ 1817 साली उभारलेल्या घोडदळात आहे आणि इंग्रजी अमदानीत त्या घोडदळाची छावणी शिरूरला होती. आता तिथे छावणी नाही, पण घोडी आहे. दौंडच्या भीमाकाठाने मेंढरं घेऊन फिरणारा धनगरवाडा आपलं बिऱ्हाड घोडीवर लादतो, आणि त्या बिऱ्हाडावर लहान पोर बसवलेलं असतं. लग्नाच्या वरातीत आयुष्यात पहिल्यांदा घोडीवर चढलेला नवरदेव डीजेच्या दणक्यात बसलेला असतो. पाठ दुखावून घ्यायला शर्यतच लागते असं नाही.

किंबहुना पडावंही लागत नाही. शिरूरचे खासदार अमोल कोल्हे पेशाने डॉक्टर आहेत. 2022 च्या फेब्रुवारीत त्यांनी खेड तालुक्यातल्या निमगाव दावडीच्या घाटात बारीपुढे घोडी धरली होती. पुढच्या वर्षी एप्रिलअखेरीस कऱ्हाडला ‘शिवपुत्र संभाजी’ महानाट्याच्या प्रयोगात घोड्याचा मागचा पाय मुडपला आणि त्यांच्या पाठीला दुखापत झाली. जनावराचं मागचं अंग असं अचानक खचलं की स्वाराच्या कण्याला खालून हिसका बसतो. कंबर आवळून बसलेला स्नायू तो हिसका झेलतो आणि तिथेच दुखावतो.

अशा प्रसंगी आपण जे करतो त्याचा क्रमच उलटा आहे, हे मला पुन्हा पुन्हा जाणवतं. पहिल्या तासात, जेव्हा माणसाला हलवायला नको, तेव्हा आपण घाई करतो. आणि पुढच्या महिन्यात, जेव्हा त्याने हिंडायला-फिरायला हवं, तेव्हा त्याला खाटेवर खिळवून ठेवतो. बहुतेक गैरसमज या दोन चुकांभोवतीच फिरतात.

‘उठव त्याला, चालता येतंय म्हणजे काही मोडलेलं नाही’

दोघं बगलेत हात घालतात, उभं करतात, पाणी पाजतात, दोन पावलं चालवून बघतात. पोरगा चालला की सगळे सुटकेचा श्वास टाकतात. पण मोडलेल्या मणक्यानिशी माणूस चालू शकतो. वरचा कणा बरगड्यांनी बांधलेला, म्हणून ताठ असतो. कमरेचा कणा लवचीक असतो. बुडावर दाणकन आपटलं की दणका वर चढतो आणि या ताठ-लवचीक सांध्यावर अडतो. पाठीचा शेवटचा, म्हणजे बारावा, आणि कमरेचा पहिला मणका तिथे पुढून चेपतात. चेपलेल्या हाडाचे तुकडे जागचे हलले नसतील तर मज्जारज्जू शाबूत राहतो, म्हणूनच पाय चालतात. नंतर कोणी ओढाताण केली, दुचाकीवर दोघांच्या मध्ये बसवून खड्ड्यांतून नेलं, तर ते तुकडे हलू शकतात. पन्नाशी उलटलेल्या बायकांची हाडं ठिसूळ झालेली असू शकतात. त्यांना बैठ्या उंचीवरून पडणंही पुरतं.

आधी घोडी आणि बैल बाजूला करा. मग माणूस पडलाय तसाच राहू द्या आणि मान हलू नये म्हणून डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरा. 108 ला फोन करा. ही रुग्णवाहिका मोफत असते. हलवणं भागच असेल तर तीन-चार जणांनी डोकं, खांदे, कंबर आणि पाय एकाच वेळी, ओंडका लोळवावा तसे एका रेषेत कुशीवर वळवावेत, खाली सपाट फळी सरकवावी आणि परत उताणं करावं. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका.

एक खूण मात्र प्रत्येक घोडेस्वाराच्या घरात पाठ हवी. खोगिराला टेकते ती जागा, म्हणजे मांड्यांच्या आतली बाजू, बूड आणि गुदद्वाराभोवतीचा भाग बधिर झाला, लघवी अडली किंवा नकळत झाली, दोन्ही पायांतली ताकद गेली, तर कण्याच्या तळाशी असलेल्या नसांच्या जुडग्यावर दाब आला आहे असं समजा. हा दाब शस्त्रक्रियेने तातडीने सोडवावा लागतो. उशीर झाला तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. ‘सकाळी बघू’ म्हणायची ही वेळ नाही. लघवीतून रक्त आलं किंवा पोट ताठ होऊन दुखू लागलं, तर आतल्या अवयवांना मार लागला असेल. तेव्हाही त्याच रात्री रुग्णालय गाठा.

‘उसण भरली आहे, पायाळूची लाथ मारून घे’

ही समजूत आपल्याकडे घरोघरी आहे. पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेला माणूस. त्याचा पाय पाठीला लागला की उसण उतरते, असं मानतात. साधी उसण दोन-चार दिवसांत आपोआपच उतरत असते, त्यामुळे श्रेय त्या पायाला मिळत आलं. ती श्रद्धा बाळगणाऱ्या आजीचा मी अपमान करणार नाही. पण उसण भरणं वेगळं आणि घोडीवरून पडणं वेगळं. पडलेल्या पाठीवर एक्स-रे होईपर्यंत कोणाचाच पाय पडू नये. ‘मणका सरकलाय, बसवून देतो’ म्हणत कंबर पिळणाऱ्यांचे हातही तोवर लांबच ठेवा.

‘तीन महिने फळीवर झोप’

हाड मोडलेलं नाही, नसेवर दाब नाही, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर दुखणं बहुतेक स्नायूंचं आणि कंडरांचं उरतं. त्याला अंथरुणाची गरज फार तर एक-दोन दिवस. 1995 साली हेलसिंकीत महापालिकेच्या 186 कर्मचाऱ्यांवर एक अभ्यास झाला. पाठदुखी झालेल्या काहींना दोन दिवस झोपवलं, काहींना व्यायाम दिले, उरलेल्यांना झेपेल तसं रोजचं काम चालू ठेवायला सांगितलं. सगळ्यांत लवकर बरे झाले ते काम चालू ठेवणारे. पडून राहिलं की पाठीचे स्नायू झपाट्याने सैल पडतात आणि मनात भीती घर करते. वाकलो तर मोडेन, अशी ती भीती. कधीकधी मूळ इजेपेक्षा ती जास्त दिवस टिकते.

कडक फळीचंही तेच. स्पेनमध्ये 313 जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांवर केलेल्या आणि 2003 मध्ये ‘द लॅन्सेट’ने छापलेल्या अभ्यासात कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम पडला. कमरेचा पट्टा पहिले काही दिवस, प्रवासापुरता ठीक. मणका चेपलेला असेल तर डॉक्टर सांगतील तितके आठवडे तो लागेल. नसेल तर त्याची सवय लागू देऊ नका. स्नायूंचं काम पट्टा करू लागला की स्नायू ते सोडून देतात.

सुरुवात चालण्याने करा: अंगणात पाच मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. मग उताणं झोपून गुडघे दुमडायचे आणि बूड हळू उचलायचं. मग रांगण्याच्या स्थितीत एक हात आणि विरुद्ध पाय लांब करून दहा सेकंद थांबायचं. थोडं दुखेल, चालेल. दुखणं पायात उतरू लागलं तर थांबा. साध्या दुखापती बहुधा चार ते सहा आठवड्यांत ओसरतात, चेपलेला मणका भरायला तीनेक महिने लागतात.

‘एमआरआयमध्ये गादी सरकलेली दिसली, आता संपलं’

गादी, म्हणजे दोन मणक्यांमधली चकती, फुगलेली दिसणं आणि ती दुखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 2015 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं, तेव्हा पाठ अजिबात न दुखणाऱ्या विशीतल्या 30 टक्के आणि ऐंशीतल्या 84 टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या आढळल्या. म्हणजे तुमच्या फोटोत दिसलेली गादी पडण्याच्या कितीतरी आधीपासून तशीच असू शकते. फोटो आणि तपासणी जुळली तरच त्या फोटोला अर्थ आहे.

‘चक्कर येते ती अशक्तपणाने’

पाठीबद्दल निदान बोललं तरी जातं. तोलाबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून इथे जरा थांबतो.

पडल्यानंतर आठवडाभराने कुशीवर वळताना अख्खी खोली फिरते. अर्धा-एक मिनिट, मग थांबते. वर माळ्याकडे बघितलं की पुन्हा तेच. घरचे लिंबूपाणी देतात, कोणी रक्तदाबाची गोळी सुचवतो, कोणी मानेचा एक्स-रे. पण हा खेळ बहुधा कानाच्या आतला असतो. तिथे कॅल्शियमचे अगदी बारीक खडे एका मऊ पडद्यात रुतून बसलेले असतात. आपण कुठे झुकलोय हे त्यांच्या वजनावरून मेंदूला कळतं. आपटण्याने काही खडे सुटतात आणि शेजारच्या अर्धगोल नळीत जातात. डोकं वळलं की ते नळीतल्या पाण्यात घरंगळतात आणि मेंदूला वाटतं, आपण गरगर फिरतोय.

यावर गोळीपेक्षा साधा उपाय आहे. अमेरिकेतले डॉक्टर जॉन एपली यांनी 1992 मध्ये तो मांडला: डोकं ठरावीक कोनांतून, ठरावीक क्रमाने फिरवून ते खडे नळीतून परत बाहेर घरंगळवायचे. कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट पाच-दहा मिनिटांत हे करतात, आणि बहुतेकांची चक्कर एक-दोन वेळांत जाते. मानेला मार असेल तर मात्र आधी मानेची तपासणी. चक्कर दाबणाऱ्या गोळ्या पहिले दोन-चार दिवस मळमळ थांबवतात. महिनोन्‌महिने घेतल्या तर मेंदूला तोल नव्याने शिकू देत नाहीत.

डोकं जमिनीला लागलंच नाही म्हणून मेंदू सुरक्षित, हेही खरं नाही. मानेला बसलेल्या जोराच्या हिसक्यानेही मेंदू कवटीत हलतो. वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी किंवा असंबद्ध बोलणं दिसलं, तर थेट रुग्णालय.

तोलाचा तिसरा भाग पाठीतच आहे. डोळे, कान आणि स्नायू-सांध्यांतली जाणीव या तिघांच्या बातम्या जुळवून मेंदू आपल्याला उभं ठेवतो. दुखरी पाठ आपली बातमी नीट देत नाही, म्हणून दुखणं गेल्यावरही अंधारात पाय अडखळतो. ही जाणीव सरावाने परत येते. स्वयंपाकघरातल्या ओट्याला बोटं टेकवून एका पायावर उभं राहा. मग बोटं काढा. मग, सोबत कोणी असताना, डोळे मिटा. शेवटी उसाच्या बांधावरून टाचेपुढे टाच ठेवत चाला. उंचसखल जमिनीवर घोटे जे शिकतात ते फरशीवर शिकत नाहीत.

‘पडलास तर लगेच परत चढ, नाहीतर भीती बसेल’ आणि ‘आता घोडीचं नाव काढू नकोस’

दोन्ही सल्ले प्रेमाने दिले जातात आणि दोन्ही चुकीचे आहेत. पडलेल्या दिवशी परत चढायचंच नाही. मेंदूला हादरा बसलेला असेल तर त्यावर दुसरा हादरा घातक ठरू शकतो. पण कायमचं उतरायचीही गरज नसते. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांचे गुडघ्याखालचे पाय पोलिओने 1944 मध्ये गेले. घोड्यावर चढायला-उतरायला त्यांना मदत लागायची, तरी 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी घोडेस्वारीत रौप्यपदक मिळवलं. संथ चालणाऱ्या घोड्याच्या पाठीवर स्वाराची कंबर पुढे-मागे, डावी-उजवी आणि किंचित गोल अशी फिरते, जवळपास आपण स्वतः चालताना फिरते तशीच. म्हणूनच प्रशिक्षित थेरपिस्टच्या देखरेखीखाली घोड्याची चाल तोलाच्या उपचारातही वापरतात.

डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवल्यावर शांत, ओळखीची घोडी निवडा. पहिले दिवस कोणीतरी लगाम धरून चालवावी, तुम्ही फक्त बसा. दहा मिनिटं बसून दुसऱ्या दिवशी पाठ आधीपेक्षा जास्त धरली नाही तर वेळ वाढवा. दुडकी चाल सगळ्यांत शेवटी, कारण प्रत्येक टापेला कमरेवर दणका तिच्यातच बसतो. रिकिबीत बूट अडकून राहत नाही ना, ते चढण्याआधी बघा. आणि डोक्यावर हनुवटीच्या पट्ट्याचं, घोडेस्वारीचं हेल्मेट घाला. फेटा वरातीत शोभतो, पण खडीवर तो डोकं वाचवत नाही.