तक्रार मंचात, की जिल्हाधिकाऱ्यांकडे?

सेनगावात कुणी फसला, की ‘ग्राहक मंचात जा’ एवढाच सल्ला मिळतो. तो चूक नाही, अपुरा आहे. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दोन वेगळी कामं आहेत. हिंगोलीचा जिल्हा ग्राहक आयोग (पूर्वीचा मंच) तुमची भरपाई ठरवतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण अनुचित व्यापारी प्रथा (खोटे दावे, फसवी हमी वगैरे) सगळ्यांसाठीच थांबवतं. गावच्या टाकीचं पाणी दूषित झालं, तर आजाऱ्यावर उपचार वेगळे आणि टाकी धुणं वेगळं, तसंच हे.

फसव्या जाहिरातीला प्राधिकरण 10 लाखांपर्यंत दंड करतं, पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत. 2022मध्ये मानकात न बसणारे प्रेशर कुकर परत घेऊन ग्राहकांचे पैसे परत देण्याचा आदेश त्याने ऑनलाइन विक्रेत्याला दिला. प्राधिकरणाकडे तक्रार करायला दिल्ली गाठायला नको. लेखी तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडेही चालते.

बियाणं उगवलं नाही तर शेतकरी ग्राहक ठरत नाही, ही गैरसमजूत आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2012मध्ये त्याला ग्राहक मानलं. सोयाबीन पेरताना पावती, पिशवीचं लेबल आणि मूठभर बियाणं मात्र जपून ठेवावं. आयोगाकडे जायला मुदत दोन वर्षांची; 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही.